पाच आखूड शिट्ट्या

रहाटणी,
१२ जानेवारी २०२५

इकबालभाऊ,

नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, यांचा केलात, आमच्या लेकीचा, दिव्याचासुद्धा केलात. म्हणून हे पाकीट. पोस्टातली पोरगी म्हणाली, काकू, आजकाल पत्र कोण लिहितं? म्हटलं, ज्याला फोन उचलायची लाज वाटते त्याला लिहितात बाई.

अजिमचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं सामान भरून हर्णैला निघालात. चौदा वर्षं समोरासमोर दारं आपली. किल्ली नेहमी माझ्याकडे असायची, या वेळी वॉचमनकडे दिलीत. बिल्किस टेम्पोत पुढं बसली होती. मी गॅलरीतून हात केला, तिनं मान वर केली नाही. मला राग नाही आला. तिचा चोवीस वर्षांचा एकुलता एक मुलगा गेला, आणि सुभद्राच्या नवऱ्यानं दोर सोडला म्हणून गेला, असं तिला सांगितलंय. तिच्या जागी मी असते तर थुंकले असते.

सांगितलं कुणी? तुम्ही.

तुमचा जबाब वकिलांनी आम्हाला वाचून दाखवला. "मी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून ड्यूटीवर होतो. दौलतराव भेगडे हे जमिनीखालच्या तेलाच्या टाकीच्या तोंडाशी दोर धरून उभे होते. टाकी साफ करायला माझा मुलगा उतरला होता, हे मला नंतर कळलं. दौलतराव यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी दोर सोडून दिला. मी शिट्टी वगैरे काही ऐकली नाही."

काही ऐकली नाही! अहो, शिट्टी तुमच्याच तोंडात होती.

हे मला कोण म्हणालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला खोटं बोलायला जागा नको. कंपनीच्या वजनकाट्यावर कामाला आहे ती श्रद्धा. काट्याच्या केबिनच्या खिडकीतून गेट दिसतं आणि टाकीही दिसते. तुम्ही गेटवरून चार पावलं पुढं आलात, इकडंतिकडं बघून हसलात, आणि वाजवलीत. पाच आखूड शिट्ट्या. ती माझ्या घरी येऊन रडली. पोलिसांना मात्र सांगणार नाही म्हणाली. नवीन लग्न, कंत्राटी नोकरी, नवराही त्याच कंपनीत. मी तिला काय म्हणणार?

हे जामिनावर घरी आहेत. निष्काळजीपणानं माणूस मेला अशी केस आहे. साठीला आलेला माणूस आत जाणार, तेही अजिमच्या नावानं. ज्याला यांनी सायकल शिकवली.

तुम्ही या. चाकणजवळच्या खेडच्या कोर्टात उभे राहा आणि जे झालं ते सांगा. बाकी मला तुमच्याकडून काही नको.

बिल्किसला मी अजून काही बोललेले नाही. तेवढी सवलत तुम्हाला आहे.

सुभद्रा दौलतराव भेगडे


रहाटणी,
२ फेब्रुवारी २०२५

इकबालभाऊ,

उत्तर नाही. पाकीट पोचलं हे मला माहीत आहे, रजिस्टर केलं होतं. पोचपावती परत आली. सही इतकी गिचमिड आहे की कुणाची कळत नाही, तुमचीच असणार.

तुम्ही विसरलात असं धरून आज सगळं पहिल्यापासून लिहिते. तुमच्या त्या म्हशीपासून.

कागदावर तिचं नाव 'पयस्विनी'. नौदलाचं तेलाचं जहाज. आम्हा बायकांना एकदा मुंबईला जहाज दाखवायला नेलं होतं, तेव्हा कॅप्टनसाहेबांनी नावाचा अर्थ सांगितला, दूध देणारी. तुम्ही लोकांनी तिची म्हैस करून टाकलीत. काळी, रुंद, सावकाश चालणारी, आणि अख्ख्या ताफ्याला पाजणारी. लढाऊ जहाजांचे फोटो पेपरात यायचे, म्हशीचा कधी आला नाही. तरी तुमचा तोरा असा की जणू नौदल तुमच्या दावणीला बांधलंय.

हे आणि तुम्ही एकाच डेकवर. मी आणि बिल्किस मुंबईच्या क्वार्टर्समध्ये एकाच जिन्यावर. तुम्ही सहा-सहा महिने पाण्यावर. घरी येणारं प्रत्येक पाकीट, मग ते यांच्या नावाचं असो नाहीतर तुमच्या, आम्ही दोघीच फोडायचो, चहा घेत. कुणाची आई आजारी, कुणाच्या जमिनीची नोटीस. तुमच्यापर्यंत जायचं ते आमच्या हातून जायचं. सगळ्या जहाजी बायका तसंच करायच्या.

आणि ती पाच शिट्ट्यांची गोष्ट. मी ती इतक्यांदा ऐकलीय की मलाच जहाजावर होते असं वाटतं. भर समुद्रात लढाऊ जहाज म्हशीच्या बाजूला यायचं. दोघी बरोबरीनं चालायच्या, मधे एवढंसं पाणी. मग इकडून तिकडं दोर, दोरावरून तार, तारेवरून तेलाचा पाइप. तासन् तास तसंच चालायचं. कुणी जरा वाकडं वळलं की दोन्ही जहाजं एकमेकांवर. म्हणून वरून पाच आखूड शिट्ट्या आल्या की हातात जे असेल ते सोडायचं आणि मागं सरायचं. बघायचं नाही, विचारायचं नाही. तुमचा डेकवरचा मुकादम, तो चिमाजी बोसन, नव्या पोरांना ते शिकवायचा. जेवताना शिट्टी, झोपेत शिट्टी, संडासात शिट्टी. ज्याच्या हातातून वस्तू पडली नाही त्याला काठी. यांच्या मनगटावर अजून वळ आहे. आणि त्याचं दुसरं सांगणं, सोडायचा दोर कधी बांधून ठेवायचा नाही. हे ते अभिमानानं सांगतात. चिमाजी मेला तेव्हा सुतक पाळलं होतं यांनी.

लक्षद्वीपच्या बाजूचं ते तेल देणं आठवतंय ना? वारा सुटला होता. त्या लढाऊ जहाजाचं सुकाणू अडकलं आणि ते थेट म्हशीवर यायला लागलं. पाच शिट्ट्या झाल्या. तुमचा पाय दोराच्या वेटोळ्यात होता. यांनी दोरावर कुऱ्हाड घातली. तुम्ही कुठं आहात, कोण कुठं आहे, काही बघितलं नाही. तार तुटून पलीकडं गेली. तुमचा बूट समुद्रात गेला, पाय राहिला. एक श्वास थांबले असते, "अरे इकबाल, पाय काढ" एवढं म्हणाले असते, तर तुम्ही दोन तुकड्यांत घरी आला असता.

त्या वेळी बिल्किसनं यांच्या दोन्ही हातांना अत्तर लावलं होतं. अजिम त्यानंतर झाला. म्हणजे यांचा हात तेव्हा सुटला नसता, तर अजिम झालाच नसता. हे कोर्टात सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मग पेन्शनी, मग चाकणची कंपनी. तुम्ही गेटवर, हे तेलाच्या यार्डात. नौदलातून आलेले तिथं तुम्ही दोघंच. चहाच्या वेळी तुम्ही पहिल्यांदा ती शिट्टी वाजवलीत आणि यांच्या हातातला वडापाव जमिनीवर पडला. अख्खं कँटीन हसलं. हेही हसले. घरी येऊन मला सांगताना परत हसले. मग ती रोजचीच मजा झाली. चहा पडायचा, पाना पडायचा, डबा पडायचा. शर्टावर आमटी घेऊन यायचे. मी तुम्हाला म्हटलं होतं, भाऊ, आता बास करा. तुम्ही काय म्हणालात? "वहिनी, म्हशीवरची माणसं आम्ही, आमची मजा आम्हालाच कळणार."

कळली का?

सुभद्रा


रहाटणी,
२१ फेब्रुवारी २०२५

इकबाल,

आता भाऊ नाही आणि तुम्ही पण नाही.

आज डबे घासताना अजिमचा डबा सापडला. निळ्या झाकणाचा. शेवटच्या दिवशी मीच भरून दिला होता, शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी. बिल्किसला ताप होता म्हणून. कंपनीतून यांच्या पिशवीतून परत आला आणि भांड्यांच्या मागं गेला. आमटी अर्धी खाल्ली होती त्यानं. आत बुरशी आली होती. मी डबा तसाच घेऊन ओट्याशी बसले, दिव्या ऑफिसातून आली तरी उठले नव्हते.

तुला वाटतं तूच बाप. अरे, बिल्किसच्या ऑपरेशनच्या वेळी दोन महिने तो माझ्या कुशीत झोपायचा. मला मोठी अम्मी म्हणायचा. मी रडायचं कुठं? तुमच्या दारात येऊन रडले असते तर तूच मला आत घेतलं नसतंस, आणि घरात रडले तर हे उठून भिंतीकडं तोंड करून बसतात. मी नळ सोडून रडते. पाण्याची पाळी असते तेव्हाच.

तुला माहीत नव्हतं, एवढं मी मानते. त्या दिवशी टाकीत नेहमीचा प्रीतम उतरणार होता, तो आला नाही, ठेकेदारानं त्याच्याकडेच कामाला असलेल्या अजिमला उतरवलं. तू गेटवर होतास. तुला वाटलं दोराला नेहमीसारखी गाळाची बादली आहे. बादली पडेल, काळा गाळ उडेल, दौलत नखशिखांत काळा होईल, सगळे हसतील. एवढंच तुझ्या मनात. मी तुला खुनी म्हणत नाही.

पण नंतर? अजिम अर्ध्यावर आला होता, वर येत होता. तू वाजवलीस आणि तो खाली गेला, डोकं आपटून तेलाच्या त्या वाफेत पडला. यांनी आत उडी घ्यायला धाव घेतली, चौघांनी धरून ठेवलं. तू धावत आलास. टाकीत वाकून बघितलंस. कोण आहे विचारलंस. आणि तुला सांगितलं. त्या क्षणी तुझ्या गळ्यात शिट्टी होती आणि तू यांच्या थोबाडीत मारलीस. "दोर का सोडलास भडव्या" म्हणालास.

हे मार खाऊन उभे राहिले. अजूनही तसेच आहेत.

खुनी म्हणत नाही. पण तुला दुसरा शब्द मला सापडत नाही.

सुभद्रा


रहाटणी,
१६ मार्च २०२५

इकबाल,

तीन पत्रांच्या तीन पोचपावत्या आल्या. तीच गिचमिड सही. वाचतोस, एवढं कळलं.

एप्रिलच्या दहा तारखेला खेडला तारीख आहे. आधी ऐक घरात काय चाललंय.

मी यांना सांगितलं. ठरवलं होतं की तू येईपर्यंत सांगायचं नाही, पण राहवलं नाही. म्हटलं, अहो, शिट्टी इकबालनं वाजवली, श्रद्धानं बघितलंय, वकिलांना सांगा. हे खिडकीचा गज धरून उभे होते. वळले नाहीत.

"म्हाईत हाय मला," म्हणाले.

"माहीत आहे?"

"त्याची फुंक म्या वळखतो. वीस वर्सं ऐकली."

"मग जबाबात का नाही सांगितलं?"

"कुणी वाजवली ते इचारायचं नसतं, सुभद्रे. झाली की सोडायचं."

मी ओरडले. म्हटलं, ही काय तुमची म्हैस आहे का? चाकणची कंपनी आहे! तर म्हणतात, "म्हैस तर कापली की." आणि हसले. मला वाटलं हातातलं उलथनं डोक्यात घालावं.

मग मलाच शांतपणे सांगायला लागले. इकबालनं पोरगं घालवलंय, आता त्याच्या तोंडून बायकोसमोर हे वदवायचं व्हय? म्या न्हाई करणार. म्हटलं, आणि माझं काय? मी कुणाची बायको? त्यावर परत गज.

आणखी एक. गेल्या रविवारी चिंचवडच्या हॉलमध्ये तुमच्या म्हशीवरच्या लोकांचा मेळावा झाला. दर वर्षी यांना पहिल्या रांगेत बसवतात. या वर्षी निरोप आला नाही. केस चालू आहे ना, बरं दिसत नाही. हे सकाळीच दाढी करून, नौदलाचा तो निळा कोट घालून तयार होऊन बसले होते. कोणी घ्यायला आलं नाही. जेवायच्या वेळी मीच कोट काढून ठेवला.

नंतर गणराज म्हणून तुमच्यातलाच एक जण येऊन पुस्तक देऊन गेला, दारातूनच. 'पयस्विनी आणि तिची माणसं'. जहाजाचा सगळा इतिहास छापलाय. कुठं बांधलं, कधी आलं, कुठल्या वादळात कुणाला तेल दिलं, शेवटचा झेंडा कुणी उतरवला, तोडायला कुठं ओढून नेलं. लक्षद्वीपची ती गोष्ट दोन पानं आहे. तुझं नाव आहे, तुझ्या बुटाचंसुद्धा आहे. आणि यांच्याबद्दल लिहिलंय, "एका नाविकाने प्रसंगावधान राखून दोर तोडला." एका नाविकाने. हे ते पान किती वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बरुबर लिवलंय. एकच होता तिथं."

मुंबईकडनं भंगार भरलेला ट्रक येताना दिसला की हे रस्त्यात थांबतात, एखादा पत्रा म्हशीचा असेल म्हणून. मी हात धरून ओढत आणते. अशा माणसाला तू थोबाडीत मारलीस.

आता शेवटचं विचारते. ती शिट्टी कुठं आहे? श्रद्धा म्हणाली, ड्रेस, बॅटन, ओळखपत्र, सगळं तू कंपनीत जमा केलंस. शिट्टी तेवढी नाही. तुझी जुनी, नौदलाची, साखळीची. ती तुझ्या त्या खाकी कॅनव्हासच्या पिशवीत असणार. तू काही टाकून देत नाहीस, मला ठाऊक आहे. रोज काढून बघतोस का रे?

दहा तारखेला कोर्टात ये. नाही आलास तर मी बिल्किसला सांगणार. फोनवर नाही, लिहून. तिला नीट वाचता येईल असं, मोठ्या अक्षरात. तुला भाकरी नाही वाढणार ती मग. तुझ्या शेजारी झोपणारही नाही. म्हातारपणी एका घरात दोघं आणि मधे ते. विचार कर.

सुभद्रा


रहाटणी,
१३ एप्रिल २०२५

इकबाल,

आला नाहीस. मी कोर्टाच्या फाटकाकडं बघून बघून मान दुखवून घेतली. प्रत्येक पांढऱ्या दाढीवाल्यात तूच दिसायचास.

साहेबांनी यांना विचारलं, गुन्हा कबूल आहे का? वकिलांनी दहा वेळा पढवलं होतं, नाही म्हणा. हे म्हणाले, "व्हय. दोर म्या सोडला." वकिलांनी कपाळावर हात मारला. साहेब भले माणूस, म्हणाले, नीट विचार करा, जूनमध्ये पुन्हा विचारतो. जूनमध्येही हे व्हयच म्हणणार. तुला माहीत आहे, मला माहीत आहे.

परत येताना बसमध्ये कंडक्टरनं थांबायला शिट्टी वाजवली, एकच. यांनी वरचा दांडा सोडला आणि पुढच्या बाईवर पडले. लोक म्हणाले, काका पिऊन आलेत.

आता माझ्याकडं काही राहिलं नाही. दिव्या म्हणते, आई, सोड. मला सोडायला कुणी शिकवलं नाही.

उद्या बिल्किसला लिहिते. तिच्या नावानं, वेगळं पाकीट. तू दारात उभा राहून पोस्टमनला अडवलंस तरी एक ना एक दिवस तिच्या हाती पडेलच. तिला सगळं सांगेन. तू हसलास तेही. तिनं तुला काय करायचं ते करावं, मला आता बघायचंय.

सुभद्रा


हर्णै,
१ मे २०२५

सुभद्राताई,

तुमचं माझ्या नावाचं पाकीट मिळालं. नवीन काही नव्हतं त्यात.

पोचपावतीवरच्या सह्या माझ्या आहेत. जानेवारीतलं पहिलं पाकीट मीच फोडलं. ते जेट्टीवर बसलेले असतात दिवसभर, घरी पोस्टमन आला की मी. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणू नका. वीस वर्षं आपण दोघींनी मिळून यांच्या नावाची पाकिटं फोडली, हे तुम्हीच दुसऱ्या पत्रात लिहिलंत. पहिल्या पत्रात लिहिलंत, बिल्किसला मी अजून काही बोललेले नाही. ताई, तुम्ही मलाच लिहीत होता. माझ्याच हातात सुरी दिलीत आणि म्हणालात, बघ हं, मी अजून मारलेलं नाही.

त्या दिवशी मी रोजच्यासारखं जेवण केलं. त्यांना वाढलं. दुसरं पत्र आलं, तिसरं आलं. रोज वाटायचं, आज विचारीन. अजिमच्या डब्याबद्दल लिहिलंत तेव्हा मी दिवसभर दाराबाहेर बसले. चौथ्या पत्रात तुम्ही शिट्टी कुठं आहे ते सांगितलंत. मला सुचलंच नसतं. त्यांच्या खाकी पिशवीत, जुन्या मोज्यात गुंडाळलेली होती.

ते ओट्यावर बसून चहा पीत होते. मी त्यांच्या मागं उभी राहिले आणि वाजवली. पाच. आखूड. कप खाली पडून फुटला. ते वळले. माझ्या हातातली शिट्टी बघितली. मला कोणी सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांना काही विचारलं नाही. मी केरसुणी आणली आणि काचा भरल्या.

तेव्हापासून रोज वाजवते. वेळ ठरलेली नाही. कधी घास तोंडाशी नेताना, कधी नमाजाआधी वजू करताना तांब्या हातात असताना. कधी दिवसभर वाजवत नाही, आणि ते दिवसभर काही हातात धरत नाहीत. वाळलेत फार. शेजारची सादिका म्हणाली, चाची, हे काय करता. मी म्हटलं, म्हशीवरची माणसं आहेत ती, त्यांची मजा त्यांना कळते.

तुम्ही म्हणता त्यांना कोर्टात पाठव. ऐका. ते तयार आहेत. तुमच्या दहा तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच बॅग भरली. कोर्टाची तारीख त्यांना कुणी कळवली मला माहीत नाही, गणराजचा फोन आला असेल. मला म्हणाले, बिल्किस, मी जाऊन सांगून येतो, दौलतला सोडवतो. रडत होते. कोर्टात सांगितलं असतं, शिक्षा झाली असती, भोगून संपली असती. लोक म्हणाले असते, बापानं खरं तर सांगितलं. हलके होऊन परत आले असते. माझा अजिम काही हलका होऊन परत येत नाही.

आणि दौलतभाऊंना सोडवायचं तरी का? तुम्ही पाच पत्रं लिहिलीत, ताई. आमटी लिहिलीत, अत्तर लिहिलंत, कोट लिहिलात. एक गोष्ट पाचही पत्रांत नाही. दोराचं दुसरं टोक कठड्याला बांधलेलं असतं तर हात सुटला तरी अजिम लोंबकळत राहिला असता. कंपनीनं त्यासाठी हूक दिला होता. अजिम घरी येऊन सांगायचा, मोठे अब्बू हूक लावत नाहीत, सोडायचा दोर बांधायचा नसतो म्हणतात. हसत सांगायचा. तुम्हीही तिथंच बसलेल्या असायच्या. म्हशीचं सगळं सांगितलंत, ते मात्र चिमाजीच्या नावावर घालून पुढं गेलात. दौलतभाऊ व्हय म्हणाले, ते इकबालला वाचवायला म्हणून नाही. ते खरं बोलले. तुमच्या घरात तेवढा एकच माणूस खरं बोलतो, त्याला बोलू द्या.

एकानं वाजवली, एकानं बांधला नाही. मला दोघंही पुरे आहेत. एक तुमच्याकडं राहू दे, एक माझ्याकडं.

तर ती बॅग. पहाटेची एसटी होती. ते दारापर्यंत गेले, बॅग उचलली, बिस्मिल्ला म्हणून पाऊल बाहेर टाकलं. मी चुलीपाशी होते. वाजवली. बॅग पायरीवर पडली, कपडे बाहेर आले. त्यांनी वाकून भरले, परत उचलली. मी परत वाजवली. मग एसटी गेली.

काचेचे कप संपले, आता स्टीलचे आणलेत.

जूनच्या तारखेला ते पुन्हा निघतील. मी घरीच आहे.

बिल्किस